फिरक्या घेणारा उंदीर आणि आपलं न ऐकणारं लेकरू

भंडारा जिल्ह्यात उंदराची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. धान कापून घरात आलं की त्याच्या मागोमाग तोही येतो. बांधात बीळ, ढोलीला भोक, पोत्याचा भुगा. अशा प्राण्याबद्दल आरोग्याच्या पानावर काही छापून आलं तर ते त्याच्यामुळे पसरणाऱ्या रोगांबद्दल असेल, असंच कुणालाही वाटेल. आजची गोष्ट वेगळी आहे. ज्या घरात न ऐकणारं लेकरू जन्माला येतं, त्या घरातल्या आईवर पिढ्यानपिढ्या एक आरोप होत आला आहे. तो आरोप खोटा ठरवण्यात प्रयोगशाळेतल्या छोट्या पांढऱ्या-काळ्या उंदरांचा मोठा वाटा आहे.

आरोप कोणता, ते वस्तीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. लेकरू दीड-दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, हे ध्यानात आलं की कुजबुज सुरू होते. “गरोदर असताना ग्रहण पाळलं नसेल.” “हिच्या माहेरचंच काही असेल.” “मागच्या जन्मीचं भोगतं आहे बिचारं.” १९५६ साली दीक्षा घेऊन आपण घरातले देव काढले, पण ही वाक्यं काही घरांतून अजून निघालेली नाहीत. त्यांचं नुकसान दुहेरी आहे. आई मनातून खचते, आणि तपासणीला जायचे मोलाचे महिने अंगारे-धुपारे करण्यात किंवा “बाप पण उशिराच बोलला होता” अशा समजुतीत निघून जातात.

नाचणारे उंदीर

चीन आणि जपानमध्ये फार पूर्वीपासून लोक हौसेने एक जातीचे उंदीर पाळत. हे उंदीर सरळ चालत नसत. स्वतःभोवती गरागरा फिरत, मान झटकत, थांबत आणि पुन्हा फिरत. लोक त्यांना नाचणारे उंदीर म्हणत आणि मौज म्हणून विकत घेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी त्यांना नीट तपासलं तेव्हा कळलं की हा नाच नव्हताच. या उंदरांचा तोल बिघडलेला होता आणि ते ठार बहिरे होते.

तोल आणि ऐकणं यांचा काय संबंध? दोन्ही कामं कानाच्या आतल्या एकाच भागात चालतात. आपल्याला दिसते ती कानाची पाळी. तिच्या आत पडदा, पडद्यामागे तीन इवलीशी हाडं, आणि त्याही आत हाडाच्या पोकळीत गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. या नळीत पाण्यासारखा द्रव असतो. माणसाच्या एका कानात साधारण १५ हजार सूक्ष्म पेशी असतात, त्यांच्या डोक्यावर केसांसारखे बारीक तंतू असतात. म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. आवाजाने द्रव हलला की धानाच्या लोंब्या वाऱ्याने झुकाव्यात तसे हे तंतू झुकतात. झुकले की पेशीतली दारं उघडतात, विजेचा बारीकसा संदेश तयार होतो आणि नसेवाटे मेंदूकडे जातो. शेजारच्याच अर्धगोल नळ्यांत तशाच केसपेशी शरीराचा तोल सांभाळतात. दोन्हीकडच्या पेशींत एकच दोष असला तर उंदीर बहिराही होतो आणि गरगर फिरतोही.

उंदराचा आतला कान रचनेने माणसाच्या कानाशी फार जुळतो. तीच तीन हाडं, तशीच वेटोळी नळी, तशाच केसपेशी. आपल्याला ऐकूच येत नाहीत असे कितीतरी बारीक, उंच आवाज उंदीर ऐकतो, एवढा फरक आहे. शिवाय उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दोन महिन्यांत वयात येतात. माणसाच्या चार पिढ्या पाहायला शंभर वर्षं लागतात, उंदराच्या चार पिढ्या वर्षभरात पाहता येतात. म्हणून शास्त्रज्ञांनी बहिरे, फिरणारे, मान डोलवणारे, पोटावर पांढरा ठिपका असणारे, वाकड्या शेपटीचे असे उंदीर वेगवेगळे जपले आणि प्रत्येकाचा दोष आई-बापाकडून पिल्लांत कसा उतरतो याची वंशावळ लिहून ठेवली.

सिकलसेलची शिकवण इथेही लागू

आई-बापाकडून दोष कसा उतरतो, हे विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांना वेगळं शिकवायला नको. सिकलसेलने ते आपल्याला शिकवलं आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या समाजातल्या किती तरी लोकांनी बोटातून रक्त देऊन ‘एएस’ की ‘एसएस’ हे तपासून घेतलं आहे.

हिशेब तोच आहे. शरीराच्या प्रत्येक गुणाची सूचना जनुकांत लिहिलेली असते आणि बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असली तर काम चालून जातं. असा माणूस वाहक. त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसतं. आई आणि बाप दोघंही एकाच जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी की लेकराला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. चारांत दोन शक्यता वाहक होण्याची, आणि चारांत एक पूर्ण मोकळं होण्याची.

जन्मजात बहिरेपणाची जी जनुकीय प्रकरणं आहेत, त्यांतली बहुसंख्य अशाच प्रकारची असतात. म्हणूनच दर शंभर कर्णबधिर मुलांपैकी नव्वदाहून जास्त मुलांचे आई-बाप चांगले ऐकणारे असतात. “आमच्या दोन्ही घरांत कुणीच बहिरं नाही, मग हे आलं कुठून?” या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ते दोन्ही घरांतून आलं, गुपचूप आलं. अशा दोषात बापाचा वाटा आईएवढाच असतो. फक्त सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्या सासरला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

बहिरेपणा आणि सिकलसेल यांत एक मोठा फरक आहे. सिकलसेलला एकच जनुक जबाबदार असतं. बहिरेपणाला शंभराहून अधिक वेगवेगळी जनुकं कारण होऊ शकतात. हेही उंदरांनीच आधी दाखवलं. एका जातीचा बहिरा उंदीर आणि दुसऱ्या जातीची बहिरी उंदरीण यांची जोडी लावली, तर पुष्कळदा सगळी पिल्लं चांगली ऐकणारी जन्मतात. कारण बापाचं एक जनुक बिघडलेलं, आईचं दुसरंच. पिल्लाला दोन्हींची एकेक चांगली प्रत मिळते. आपल्याकडे दोन कर्णबधिर तरुण-तरुणींचं लग्न ठरलं की “मुलंही तशीच होतील” म्हणून नातेवाईक मोडता घालतात. अनेक जोडप्यांच्या बाबतीत ही भीती खरी ठरत नाही. नक्की सांगायचं तर तपासणी करावी लागते. अंदाजावर कुणाचं लग्न मोडू नये.

भारतातली दोन कुटुंबं आणि लंडनचा उंदीर

१९५८ हेच साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी एम. एस. देओल या भारतीय वंशाच्या जनुकशास्त्रज्ञाने कोखर या सहकाऱ्याबरोबर एका नव्या बहिऱ्या उंदराचं वर्णन छापलं. देओल लंडनमध्ये काम करत होते. हा उंदीर फिरत नव्हता, मान झटकत नव्हता, त्याचा तोल अगदी ठीक होता. बाहेरून पाहिलं तर शेजारच्या उंदरासारखाच. फक्त त्याला जन्मापासून काहीच ऐकू येत नव्हतं. पुढे त्याचा दोष नेमका कुठल्या जनुकात आहे हे शोधायला चार दशकांहून जास्त काळ लागला.

मधल्या काळात, १९९५ साली, भारतातल्या दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुटुंबांत नात्यातली लग्नं झालेली होती आणि अनेक मुलं जन्मतः कर्णबधिर होती. बाकी शरीर धडधाकट, तोल ठीक. संशोधकांनी त्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून बिघाड माणसाच्या नवव्या गुणसूत्राच्या एका भागात असल्याचं शोधलं. उंदरांच्या गुणसूत्रांचा नकाशा शेजारी ठेवून पाहिलं, तर तो भाग देओल यांच्या बहिऱ्या उंदराच्या दोषाच्या जागेशी जुळत होता. त्यांनी लिहून ठेवलं की हे दोन्ही एकच जनुक असू शकेल.

२००२ साली ते जनुक सापडलं. त्याला टीएमसी-१ असं नाव आहे. भारत आणि पाकिस्तानमधल्या अकरा कुटुंबांत या जनुकाचे दोष मिळाले, आणि बहिऱ्या उंदरात याच जनुकाचा एक तुकडा गळालेला निघाला. त्याच वर्षी आणखी एका उंदरात या जनुकाचा वेगळा दोष सापडला. तो उंदीर हळूहळू बहिरा होत जातो. संगीतकार बीथोव्हेनही असाच ऐन उमेदीत बहिरा होत गेला होता, म्हणून त्या उंदराला त्याचंच नाव दिलं. नंतरच्या संशोधनातून कळलं की केसपेशीचे तंतू झुकल्यावर जी दारं उघडतात, ती घडवण्यात याच जनुकाचा हात असतो. पेशी आहे, तंतू आहेत, आवाजाने ते झुकतातही, पण दार उघडत नाही. म्हणून लेकराला ऐकू येत नाही.

इथे थोडं थांबून पाहू. ग्रहण कुठे आलं? नजर कुठे आली? एका दाराची घडण बिघडली, एवढंच.

बाबासाहेबांनी हा प्रश्न आधीच विचारला होता

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कर्मसिद्धांताची चर्चा करताना बाबासाहेब आनुवंशिकतेचा मुद्दा मांडतात, हे आपल्यापैकी अनेकांच्या वाचनातून निसटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. विज्ञान सांगतं की मुलाला त्याचे गुण आई-बापाकडून मिळतात. पूर्वजन्मीच्या कर्माचा ब्राह्मणी सिद्धांत मानला तर मूल आपलं सगळं बरोबरच घेऊन येतं, आई-बाप देतात ते फक्त शरीर. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आणि जो सिद्धांत माणसाच्या आजच्या दुःखाला त्याच्याच न पाहिलेल्या पापाची शिक्षा ठरवतो, तो बुद्धाचा असू शकत नाही.

त्या ग्रंथाच्या वेळी बहिरेपणाचं एकही जनुक सापडलेलं नव्हतं. पुढच्या काळात उंदरांच्या वंशावळींनी आणि आपल्याच देशातल्या कुटुंबांच्या रक्ताने तो युक्तिवाद प्रयोगशाळेतून खरा करून दाखवला. तेव्हा यापुढे वस्तीत कुणी “मागच्या जन्मीचं” म्हणालं तर गप्प बसू नये. आपल्या धम्मात कारणाशिवाय काही घडत नाही, आणि हे कारण आता सूक्ष्मदर्शकातून दिसतं.

अंगावरच्या खुणा काय सांगतात

काही उंदरांत बहिरेपणाबरोबर शरीरावर दुसऱ्या खुणाही असतात. त्यांतून आपल्या घरासाठी तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली खूण चालण्याची. मान झटकणाऱ्या, फिरणाऱ्या एका उंदराच्या जातीतलं जनुक १९९५ साली सापडलं. माणसात त्याच जनुकाच्या दोषाने अशर नावाचा आजार होतो. यात लेकरू जन्मतः बहिरं असतं, तोल कच्चा असल्याने बसायला आणि चालायला उशीर करतं, आणि दहाएक वर्षांच्या आसपास त्याला रातांधळेपणा सुरू होऊन दृष्टी हळूहळू अरुंद होत जाते. म्हणून कर्णबधिर मूल दीड वर्षांनंतरही चाललं नसेल, किंवा मोठेपणी अंधारात चाचपडत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडद्याची तपासणी जरूर करून घ्यावी.

दुसरी खूण रंगाची. पोटावर पांढरा पट्टा असणारा एक उंदीर आहे. त्याचं जनुक माणसात बिघडलं की कपाळावर पांढरी बट, निळसर किंवा दोन रंगांचे डोळे आणि काहींना बहिरेपणा असं एकत्र दिसतं. या आजाराला वार्डेनबर्ग म्हणतात आणि त्याचं जनुक १९९२ साली सापडलं. लोक अशा बटेला कोड समजतात किंवा दैवी खूण म्हणून कौतुक करतात. ती कोडही नाही आणि कौलही नाही. मात्र एकाच घरात बापाला, आत्याला किंवा भावंडाला अशी बट असेल तर घरातल्या प्रत्येक नव्या बाळाचे कान तपासावेत. इथे एकच बिघडलेली प्रत पुरते, त्यामुळे दर बाळंतपणात निम्मी शक्यता असते.

तिसरी गोष्ट याच उंदराची. पिल्लाला या जनुकाच्या दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाल्या तर गर्भातच त्याच्या पाठीच्या कण्याची नळी नीट बंद होत नाही. अशा गर्भांना फॉलिक ॲसिड दिल्यावर हा दोष कमी होतो, असं १९९८ साली दिसलं. माणसांत ते त्याआधीच, १९९१ सालच्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत सिद्ध झालं होतं. बाळाच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच सुरू करावी. नव्या सुनेला आशाताईंकडून ती मागायला घरच्यांनीच सांगावं.

नात्यातलं लग्न

प्रयोगशाळेत शुद्ध जातीचे उंदीर तयार करताना सख्ख्या भावा-बहिणीची जोडी वीस पिढ्या लावतात. असं केलं की घराण्यात लपलेले दोष एकत्र येऊन बाहेर पडतात. माणसात नातं एवढं जवळचं नसतं, पण तत्त्व तेच. आतेभाऊ-मामेबहीण यांच्यात सरासरीने जनुकांचा आठवा हिस्सा सारखा असतो. घराण्यात लपलेलं एखादं बिघडलेलं जनुक असेल तर ते दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते.

याचा अर्थ मामाच्या मुलीशी लग्न केलेल्यांनी अपराधी वाटून घ्यावं असा मुळीच नाही. अशा बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगी असतात. सल्ला एवढाच की घराण्यात एखादं कर्णबधिर मूल असेल तर त्या घराण्यात पुन्हा नात्यातलं लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. सिकलसेलची तपासणी आपण लग्नाआधी मागू लागलो आहोत. तसाच हा प्रश्न विचारायलाही लाजू नये.

पहिलं शील आणि उंदीर

विहारात पंचशील घेणाऱ्या माणसाच्या मनात इथे एक प्रश्न येणारच. या ज्ञानासाठी किती उंदीर मारले गेले असतील? प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे आणि प्रत्येक प्रयोगशाळेला आपल्या नीती समितीची परवानगी घ्यावी लागते. १९५९ पासून जगभर एक नियम हळूहळू रुजला. प्राण्याशिवाय काम होत असेल तर प्राणी वापरू नये. वापरावाच लागला तर कमीत कमी वापरावा. आणि त्याला कमीत कमी त्रास व्हावा. बहिऱ्या उंदरांच्या बाबतीत कित्येक तपासण्यांत फक्त एक टिचकीसारखा उंच आवाज करून कानाची पाळी फडकते की नाही एवढंच पाहतात. तरीही प्राणहानी झाली आहे. त्या ऋणाची जाणीव ठेवणं म्हणजे त्यातून मिळालेलं ज्ञान वाया जाऊ न देणं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

उंदराची साक्ष प्रत्येक वेळी जशीच्या तशी लागू होत नाही. भारतात जन्मजात बहिरेपणाचं एक महत्त्वाचं जनुक कनेक्सिन-२६ आहे. ते पूर्ण बिघडलेलं माणसाचं मूल फक्त ऐकू शकत नाही, बाकी ठणठणीत असतं. उंदराचं पिल्लू मात्र गर्भातच मरतं, कारण त्याच्या वारेची रचना वेगळी आहे. म्हणून उंदरात जमलेला प्रत्येक उपाय माणसात जमेल असं समजू नये.

काही उपाय मात्र जमू लागले आहेत. ओटोफर्लिन नावाच्या जनुकाचा दोष असलेल्या बहिऱ्या उंदरांच्या कानात चांगलं जनुक सोडल्यावर ते ऐकू लागले, असं २०१९ साली प्रसिद्ध झालं. जानेवारी २०२४ मध्ये चीनमधल्या सहा मुलांवर हाच उपाय केल्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातल्या पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. हा उपचार एकाच जनुकाचा आहे, नवा आहे आणि आपल्या दवाखान्यात आज मिळत नाही. म्हणून “जनुक बदलून देतो” असं सांगून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

आता आपण काय करायचं

बहिरेपणाची सगळीच कारणं जनुकीय नसतात. गरोदरपणात झालेला रुबेला, फार कमी दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं बाळ, जन्मानंतरची जोरदार कावीळ, मेंदूज्वर, कानाला घातक अशी काही इंजेक्शनं यांनीही ऐकणं जातं. यांतलं बरंच टाळता येतं. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास चुकवू नका. सिकलसेलच्या ‘एसएस’ रुग्णांच्या आतल्या कानाचा रक्तपुरवठाही बिघडू शकतो, त्यांचे कानही अधूनमधून तपासावेत.

घरी थाळी वाजवून पाहिली आणि बाळ दचकलं, म्हणून निश्चिंत राहू नका. बहिरा उंदीरसुद्धा जमिनीच्या हादऱ्याने दचकतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याच्यासाठी हादरा नसलेला आवाज वापरतात. बाळ हाताची सावली पाहतं, हवेचा झोत ओळखतं. शिवाय कर्णबधिर बाळही पहिले पाच-सहा महिने इतर बाळांसारखंच हुंकारतं, हसतं. त्यामुळे आई फसते.

या खुणा पाहा. तीन महिन्यांचं बाळ आईच्या आवाजाने शांत होत नाही. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवत नाही. वर्षाचं बाळ एकही शब्द बोलत नाही. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नाही. यातली एकही खूण दिसली तर “थोडं थांबून पाहू” म्हणू नका.

तपासणीला बाळाला बोलावं लागत नाही. एका तपासणीत कानात बारीक नळी ठेवून केसपेशींचा प्रतिसाद पाहतात. दुसरी बेरा नावाची तपासणी, तिच्यात डोक्याला चकत्या चिकटवून, बाळ झोपलेलं असताना नसेतला संदेश मोजतात. दोन्हींत टोचणं नाही, दुखणं नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू, हा जगभर मानलेला हिशेब आहे. मेंदूचा भाषा शिकण्याचा वेग पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त असतो. ती वर्षं गेली की नंतरचं यंत्र कितीही भारी असलं तरी कमी पडतं.

सुरुवात आशाताई किंवा अंगणवाडीपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं आणि जन्मजात बहिरेपणा त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. तिथून भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातला कान-नाक-घसा विभाग आणि पुढे गरज पडली तर नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. श्रवणयंत्र आणि लहान वयातल्या मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया केंद्र सरकारच्या एडिप योजनेत येते. मुंबईत वांद्र्याला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्या कामाची प्रमुख संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष हे नोंदलेलं दिव्यांगत्व आहे. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लवकर काढून ठेवा. शिष्यवृत्ती, सवलत, आरक्षण सगळं त्यावर चालतं.

यंत्र लागो न लागो, मुलाशी बोलणं थांबवू नका. चेहरा समोर धरून बोला, हातांनी बोला. सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. ती घरातल्या आजीनेही शिकावी, भावंडांनीही शिकावी.

विहारात पुढच्या पौर्णिमेला बाया जमतील तेव्हा हे पान वाचून दाखवा. वस्तीत एखादं लेकरू हाकेला वळत नसेल तर त्याच्या आईला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगा. तिची काही चूक नाही, ही पहिली. आणि दुसरी, सोमवारी सकाळी तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार आहे.